दुसऱ्या मशीनवर बिल्ड होईना: दोष बिल्ड टूलचा की आपण वापरलेल्या लायब्रऱ्यांचा?

अर्धविराम

बरेच दिवस इथे नुसता वाचतोय. आज गरज पडली म्हणून धागा काढतो.

माझ्या गळ्यात सी++ मधला एक जुना प्रोग्रॅम पडला आहे. मोजमापाच्या यंत्राकडून आकडे घ्यायचे, त्यांचं विश्लेषण करायचं, आलेख काढायचा आणि रिपोर्ट छापायचा, एवढंच त्याचं काम. कोड सुमारे सव्वा लाख ओळींचा. पंधरा वर्षं फक्त विंडोजवर चालला आणि चांगला चालला, कोणाची तक्रार नाही. आता एका मोठ्या ग्राहकाला तो लिनक्सवर हवाय.

वरून आदेश आला: "व्हिज्युअल स्टुडिओची प्रोजेक्ट फाईल काढा, सीमेक लावा, म्हणजे कुठेही बिल्ड होईल." मलाही ते पटलं होतं, हे कबूल करतो. (सीमेक म्हणजे सोर्स कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवायचं, म्हणजे बिल्डचं, टूल.) तीन आठवडे खपून सगळ्या सीमेकलिस्ट्स, म्हणजे त्याच्या सूचनांच्या फाईली, लिहिल्या. लिनक्सवर कॉन्फिगर झकास पार पडलं. मग बिल्ड सुरू केलं आणि पहिल्याच फाईलला 'विंडोज.एच सापडत नाही' (विंडोजची फंक्शनं वापरायला लागणारी हेडर फाईल ती). ती ओळ काढली, तर त्याखालून हजारो चुका उसळल्या.

मग बसून यादी केली. स्क्रीन एमएफसीच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या फक्त विंडोजसाठीच्या लायब्ररीच्या. सेटिंग विंडोजच्या रजिस्ट्रीत. रिपोर्ट कॉमद्वारे (विंडोजवर एका प्रोग्रॅममधून दुसरा चालवायची सोय) एक्सेल उघडून तयार होतो. आलेख काढणारी लायब्ररी विकत घेतलेली, तिची फक्त डीएलएल (विंडोजसाठीची तयार बायनरी) आहे, सोर्स नाही, आणि ती विकणारे आता ईमेलला उत्तर देत नाहीत. सगळ्यात वाईट म्हणजे शुद्ध गणिताच्या कोडमध्येही सीस्ट्रिंग आणि डीवर्ड हे विंडोजचे डेटा-प्रकार पसरलेले. सरासरी काढणाऱ्या फंक्शनला विंडोज कशाला लागतं, हे कळायला मार्ग नाही.

तर प्रश्न असा: टूल चुकलं का? सीमेकऐवजी मेसन, बेझल असं दुसरं बिल्ड टूल घ्यायला हवं होतं का? की सगळं पुन्हा लिहायचं?

सेगफॉल्ट

टूल चुकलेलं नाही, त्याच्याकडून ठेवलेली अपेक्षा चुकली.

मेक हे टूल १९७६ साली बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिलं. त्याला दोनच गोष्टी कळायच्या: कुठली फाईल कशापासून बनते, आणि कुठली जुनी झाली. पुढे आलेल्या सगळ्या टूलांचा गाभा तोच आहे. सीमेक २००० सालचं. आयटीके ही वैद्यकीय प्रतिमांवर काम करणारी लायब्ररी बऱ्याच ऑपरेटिंग सिस्टिमवर बिल्ड करायची होती, त्यासाठी किटवेअरने ते तयार केलं. एकाच वर्णनातून विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओचा प्रोजेक्ट आणि लिनक्सवर मेकफाईल किंवा निंजा या दुसऱ्या टूलची फाईल काढून देणं, हे त्याचं काम. तुमच्याकडे ते त्याने चोख केलंय. कॉन्फिगर पार पडलं ना?

बिल्ड टूल म्हणजे हमाल. सामान दुसऱ्या घरी नेऊन ठेवेल, पण भिंतीत चिणलेलं कपाट उचलून नेणं त्याच्या हातात नाही. तुमची कपाटं भिंतीत चिणलेली आहेत.

अवांतर: मेकफाईलमध्ये ओळीच्या सुरुवातीला टॅबच लागतो, जागा सोडून चालत नाही. या टॅबपायी किती पिढ्यांचे तास गेले! ही खोड फेल्डमन यांच्या लवकरच लक्षात आली होती, पण तोवर डझनभर लोक मेक वापरायला लागले होते आणि त्यांचं बिल्ड मोडायला नको म्हणून त्यांनी ती तशीच ठेवली. त्या डझनभरांची सोय आपण अजून सांभाळतोय.

भोचकभवानी

सेगफॉल्ट, अर्धंच सांगितलंत. ऑटोटूल्स या जुन्या बिल्ड टूलांचा जन्मच पोर्टेबिलिटीसाठी, म्हणजे एकच कोड वेगवेगळ्या मशीनवर चालावा म्हणून, झाला की! १९९१ मध्ये डेव्हिड मॅकेन्झी यांनी ऑटोकॉन्फ लिहायला घेतलं ते त्यासाठीच. सन, एचपी, आयबीएम, डिजिटल, प्रत्येकाचं युनिक्स वेगळं, एकाकडे जे फंक्शन आहे ते दुसऱ्याकडे नाही. मग कॉन्फिगर नावाची स्क्रिप्ट एकेक गोष्ट तपासून बघायची आणि त्याप्रमाणे कोड बदलायचा. बिल्ड टूलचा आणि पोर्टेबिलिटीचा संबंध नाही असं कसं म्हणता?

सेगफॉल्ट

भोचकभवानी, मुद्दा बरोबर, पण त्यातलं गृहीतक बघा. ती सगळी युनिक्सं एकमेकांची सख्खी-चुलत भावंडं होती. १९८८ साली पॉझिक्स हे युनिक्सांसाठीचं मानकही आलं होतं. फाईल कशी उघडायची, प्रोसेस कशी काढायची, याबद्दल नव्वद टक्के एकमत होतं, आणि ऑटोकॉन्फ उरलेल्या दहा टक्क्यांवर ठिगळं लावायचं. (हे नव्वद-दहा मी मोजलेले नाहीत, बोलण्याच्या भरात आले.) अर्धविरामांच्या कोडमध्ये एमएफसी आहे. 'या मशीनवर एमएफसी आहे का' हे कॉन्फिगर विचारू शकेल. उत्तर 'नाही' आलं की पुढे काय करणार?

भोचकभवानी

हे मान्य. आणि त्या तपासण्यांतल्या निम्म्या आता निव्वळ कर्मकांड आहेत. एसटीडीलिब.एच आहे का, हे आजही विचारतात, जी फाईल १९८९ च्या सी मानकातच आली! कोणी काढून टाकत नाही, कारण काढल्यावर काय मोडेल ते कोणालाच माहीत नाही.

न वाचल्या जाणाऱ्या कोडचं काय होतं ते २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड या फाईली दाबून लहान करणाऱ्या टूलच्या प्रकरणात दिसलं. मागचा दरवाजा, म्हणजे आत शिरायची चोरवाट, मुख्य सोर्समध्ये उघडपणे लिहिलेला नव्हता. तो सुरू करणारी एम४ ही बिल्डची फाईल फक्त वाटपाच्या टारबॉलमध्ये (बांधून दिलेल्या गठ्ठ्यात) होती, गिटमधल्या सार्वजनिक सोर्समध्ये नव्हती, आणि पुढचा माल चाचणीच्या फाईल म्हणून दडवलेला. आवृत्त्या ५.६.० आणि ५.६.१. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, याचा आंद्रेस फ्रॉइंड यांनी पिच्छा पुरवला म्हणून सापडलं. बिल्ड स्क्रिप्ट इतकी किचकट की तिच्यात चार ओळी जास्त आल्या तर कोणाला खटकत नाही. म्हणून मी म्हणते, बिल्डची फाईल अशी हवी की नवा माणूस एका बैठकीत वाचून उठेल.

शून्यातून_एक

मी जरा दुसरीकडून येतो. 'डूम' हा १९९३ चा खेळ हातात मावेल त्या प्रत्येक यंत्रावर लोक चालवून दाखवतात. त्यावर विनोद होतात, पण तो इतका हलवता का येतो, याकडे फार जण बघत नाहीत.

एक तर तो लिहिला नेक्स्टच्या मशीनवर आणि विकला डॉसवर. म्हणजे पहिल्या दिवसापासून दोन घरं. दुसरं, फाईलींची नावं बघा. चित्र रचणारा कोड 'आर' अक्षराने सुरू होतो, खेळाच्या हालचाली 'पी' ने, आणि मशीनशी बोलणाऱ्या मूठभर फाईली 'आय' ने: आय_व्हिडिओ, आय_साउंड, आय_सिस्टम वगैरे. बाकी सगळा खेळ ३२० बाय २०० च्या एका साध्या बाइटांच्या तक्त्यावर चित्र काढतो. तो तक्ता पडद्यावर कसा न्यायचा, ते फक्त आय_व्हिडिओला माहीत. आज डूमजेनेरिक नावाचं रूप आहे. नव्या यंत्रावर न्यायला त्यात जेमतेम पाच-सहा फंक्शनं लिहावी लागतात: सुरुवात करा, चित्र दाखवा, थोडं थांबा, वेळ सांगा, कुठली कळ दाबली ते सांगा.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू. १९९७ च्या डिसेंबरात सोर्स खुला केला तेव्हा मिळाली ती लिनक्सवरची आवृत्ती. जी लाखो लोकांनी खेळली ती डॉसची देता आली नाही, कारण तिच्यात आवाजासाठी दुसऱ्याची, मालकी हक्काची लायब्ररी होती. जॉन कार्मॅक यांनी सोबतच्या टिपणात ती चूक होती असं सरळ लिहिलं आहे आणि आता आवाजाचा कोड मी स्वतःच लिहितो असंही. पण आवाज एका कप्प्यात होता, म्हणून बाकीचा खेळ सुटला. अर्धविराम, तुमची आलेखाची डीएलएल तीच आहे, फक्त तिला कप्पा नाही.

निवांत

सगळे एकाच बाजूला झुकलेत, म्हणून मी विरोधी पक्षात बसतो.

पंधरा वर्षांपूर्वी ज्याने एमएफसी घेतलं तो मूर्ख नव्हता. ग्राहक विंडोजवर होते. एमएफसी आणि एक्सेल वापरून त्याने बहुधा सहा महिन्यांत माल दिला असेल. 'उद्या लिनक्स लागलं तर' म्हणून तो सगळीकडे थर घालत बसला असता, तर उत्पादनच आलं नसतं आणि आज हा धागाही नसता. जे कधी होणार नाही त्यासाठी घातलेले थर मीही बरेच पाहिलेत. आत एकच अंमलबजावणी, वर पाच इंटरफेस, आणि एक बटण हलवायला सात फाईली उघडायच्या.

दुसरं, मालकीची लायब्ररी म्हणजे बेभरवशाची, हे समीकरण मला मान्य नाही. विन३२ वर, म्हणजे विंडोजच्या फंक्शनांच्या संचावर, नव्वदच्या दशकात बनलेले कितीतरी प्रोग्रॅम आजच्या विंडोजवर तसेच्या तसे चालतात. आता लिनक्सकडे या. नव्या डिस्ट्रोवर (लिनक्सच्या एखाद्या रूपावर) बिल्ड केलेली बायनरी जुन्या डिस्ट्रोवर टाका. 'जीलिबसीची (लिनक्सवरच्या मूळ सी लायब्ररीची) अमुक आवृत्ती सापडली नाही' म्हणून ती बाहेरच्या बाहेर परत येते. खेळ बनवणाऱ्यांत जुनी थट्टा आहे की लिनक्सवरचा सर्वात स्थिर एबीआय (तयार बायनरी आणि सिस्टिम यांच्यातला करार) म्हणजे विन३२. विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवणारं प्रोटॉन आल्यापासून, म्हणजे २०१८ पासून, ती थट्टा राहिलेली नाही.

माझा सल्ला: वाईनमध्ये (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) चालवून बघा. चाललं तर ग्राहकाला तेच द्या आणि झोपा.

लिंकरची_मावशी

निवांत, विन३२ चं उदाहरण खरं आहे. पण ते एका मालकाच्या एका धोरणाचं फळ आहे. मालकाने धोरण बदललं की काय होतं, त्याची गोष्ट मॅकची.

फोटोशॉप मॅकवर कार्बन नावाच्या एपीआयवर (प्रोग्रॅमने हाक मारायच्या तयार फंक्शनांचा संच) उभं होतं. कार्बन ६४ बिटमध्ये येणार असं ॲपलने सांगितलं होतं. २००७ मध्ये ते रद्द झालं. परिणाम असा की २००८ मध्ये सीएस४ आलं तेव्हा ६४ बिटचं फोटोशॉप फक्त विंडोजवर मिळालं. मॅकवाल्यांना ते २०१० मध्ये सीएस५ बरोबर मिळालं, कारण मधल्या काळात एवढा मोठा कोड कार्बनवरून कोको या ॲपलच्या दुसऱ्या एपीआयवर न्यावा लागला. ॲडोबीसारख्या कंपनीला! २०१९ च्या कॅटलिनामध्ये ३२ बिट प्रोग्रॅम चालणंच थांबलं, त्याबरोबर कार्बनही गेलं.

आणि यात बिल्ड टूलचाही वाटा असतो बरं का. २००५ मध्ये ॲपलने पॉवरपीसीवरून इंटेलवर जायचं ठरवलं. बरेच लोक तेव्हा कोडवॉरियर नावाच्या दुसऱ्या कंपनीच्या कंपायलरवर प्रोजेक्ट बनवत होते. दोन्ही प्रोसेसरवर चालणारी बायनरी हवी तर आधी ॲपलच्या एक्सकोडवर या, असा निरोप आला. कोड तोच, मशीन तेच, पण प्रोजेक्ट फाईल ज्याची त्याच्याबरोबर तुम्ही अडकलेले. तेव्हा आमच्याकडे (नाव नको) प्रोजेक्ट फाईल हलवण्यातच कित्येक महिने गेले. वॉर्निंग बंद करायचे फ्लॅग, फाईलींचा क्रम, कोणीतरी कधीतरी माऊसने टिक केलेला एक चौकोन, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. तेव्हापासून ज्या बिल्डचा डिफ (काय बदललं त्याची यादी) मला वाचता येत नाही त्यावर माझा विश्वास नाही.

म्हणून अर्धविराम, तीन आठवडे वाया गेले असं मानू नका. सीमेकलिस्ट्स झाल्या म्हणजे निदान काय कशावर उभं आहे ते कागदावर आलं.

काठावरचा

वाईनचा विषय निघालाच आहे तर एक मजा. १९७७-७८ च्या सुमारास बेल लॅब्समध्ये जॉन्सन आणि रिची सी प्रोग्रॅम वेगवेगळ्या मशीनवर नेत होते. त्यांच्या लक्षात आलं की हार्डवेअर जेवढं आड येतं तेवढीच त्या त्या मशीनची ऑपरेटिंग सिस्टिमही आड येते. मग त्यांनी उलटा विचार केला: प्रोग्रॅमबरोबर ऑपरेटिंग सिस्टिमच हलवू. युनिक्स पीडीपी-११ वरून इंटरडेटा ८/३२ वर गेलं ते असं.

वाईन, डॉकर (प्रोग्रॅम त्याच्या सगळ्या परिसरासकट बांधून नेणारं), सगळी त्याच विचाराची नातवंडं. घर बदलवत नाही ना, मग घरच उचलून न्या.

पण वाईनची किंमत बघा. १९९३ ला सुरू झालेला प्रकल्प १.० ला पोचला २००८ मध्ये. पंधरा वर्षं! दुसऱ्याचा एपीआय बाहेरून बघून पुन्हा लिहायचा म्हणजे त्याच्या चुकासुद्धा हुबेहूब उतरवायच्या.

सेगफॉल्ट

इथे मला वाटतं खरी कसोटी सापडते. लायब्ररी खुली की बंद, हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न हा की तिच्या एपीआयची दुसरी अंमलबजावणी अस्तित्वात आहे का. पॉझिक्सच्या आहेत. सी++ च्या स्टँडर्ड लायब्ररीच्या तीन मोठ्या आहेत. विन३२ ची वाईनमुळे आहे. ओपनजीएल या चित्रं काढायच्या एपीआयच्या होत्या, म्हणून ॲपलने २०१८ मध्ये त्याला कालबाह्य ठरवलं तरी इतर ठिकाणचा कोड जगला. तुमच्या आलेखाच्या डीएलएलची? शून्य.

आणि दुसरी अंमलबजावणी लिहू देतील का, हाही प्रश्न होताच. अँड्रॉइडमध्ये जावाच्या एपीआयच्या सुमारे ११,५०० ओळी वापरल्या म्हणून ओरॅकलने गूगलला कोर्टात खेचलं. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये ६ विरुद्ध २ ने तो वापर न्याय्य ठरवला. एपीआयवर मुळात कॉपीराइट लागतो का, हा प्रश्न मात्र कोर्टाने उघडाच ठेवला.

निवांत

आणि तुमच्या खुल्या लायब्रऱ्या? क्यूटी (स्क्रीन बनवायची, विंडोज-लिनक्स दोन्हीकडे चालणारी लायब्ररी) घ्या म्हणून आता कोणीतरी सांगणारच, म्हणून आधीच विचारतो.

काठावरचा

मीच सांगणार होतो :)

पण क्यूटीची कुंडली मलाही माहीत आहे. १९९६ मध्ये केडीई हा लिनक्सचा डेस्कटॉप क्यूटीवर सुरू झाला तेव्हा क्यूटीचा परवाना मुक्त नव्हता. त्यावरून एवढी जुंपली की १९९७ मध्ये त्याच कारणासाठी ग्नोम हा वेगळा डेस्कटॉप जन्माला आला. क्यूटी २००० मध्ये जीपीएल या मुक्त परवान्याखाली आणि २००९ मध्ये त्याहून सैल एलजीपीएलखाली आलं. आज परवान्याची अडचण बरीच कमी आहे, पण अडकणं आहेच. क्यूस्ट्रिंग, क्यूलिस्ट, सिग्नल-स्लॉट हे क्यूटीचे स्वतःचे प्रकार आणि त्यासाठी कंपाइलच्या आधी चालणारं मॉक हे टूल, म्हणजे बिल्डमध्येही ते घुसतं. सीस्ट्रिंग काढून गणिताच्या कोडमध्ये क्यूस्ट्रिंग घातली, तर पंधरा वर्षांनी तुमच्या जागी बसलेला असाच धागा काढेल.

म्हणून क्यूटी घ्या, पण स्क्रीनपुरतं. ते उंबऱ्याच्या आत येता कामा नये.

डॉटनेटवाल्यांनी पण जास्त हसू नये. मायक्रोसॉफ्टच्या या फ्रेमवर्कमधली सिस्टम.ड्रॉइंग.कॉमन ही चित्रं काढायची लायब्ररी; ते लिनक्सवर चालायचं. २०२१ ला डॉटनेट ६ मध्ये ते फक्त विंडोजसाठी ठरलं, तरी एक स्विच ठेवला होता. डॉटनेट ७ मध्ये तो स्विचही काढला. फ्रेमवर्क खुलं होतं, मालक तोच होता.

अर्धविराम

दहा दिवसांनी परत आलो. सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले.

शून्यातून_एक यांचं ऐकून आधी फक्त गणिताचा भाग वेगळ्या फोल्डरमध्ये काढला. नियम एकच: या फोल्डरात विंडोज.एच दिसलं की बिल्ड पाडायचं. सीस्ट्रिंगच्या जागी स्टँडर्ड स्ट्रिंग, डीवर्डच्या जागी साधे पूर्णांक. चार दिवसांत तो भाग लिनक्सवर बिल्ड झाला. इतका आनंद झाला की मी घरी सगळ्यांना दाखवला. कोणाला काही कळलं नाही, ते सोडा.

मग जुनी मोजणीची फाईल उघडली. तापमान उणे काही कोटी अंश!

दोन दिवस डोकं धरून बसलो. शेवटी कारण सापडलं. फाईल लिहिताना मूळ लेखकाने अख्खं स्ट्रक्चर (एकत्र ठेवलेल्या क्षेत्रांचा गट) जसं मेमरीत आहे तसं डिस्कवर ओतलं होतं. त्यात लाँग हा पूर्णांकाचा प्रकार आहे. तो ६४ बिट विंडोजवरही ४ बाइटांचा असतो, ६४ बिट लिनक्सवर ८ चा. त्यात यंत्राचं नाव आहे डब्ल्यूचार_टी या अक्षरांच्या प्रकारात. ते विंडोजवर २ बाइटांचं, लिनक्सवर ४ चं. पहिल्या नावापासूनच सगळं सरकलं होतं. एकही एपीआय विंडोजचा नाही, सगळं शुद्ध सी, एकही वॉर्निंग नाही, आणि तरीही फाईल फक्त विंडोजची.

भोचकभवानी

म्हणजे विंडोज.एच निघालं, विंडोज निघालं नाही!

यात आणखी भर: नुसता चार (char, म्हणजे एका अक्षराचा डेटा-प्रकार, आकडा नव्हे) एक्स८६ लिनक्सवर चिन्हासकट असतो, एआरएम लिनक्सवर बिनचिन्हाचा. 'उणे एक म्हणजे फाईल संपली' असं चारमध्ये तपासलं असेल तर एआरएमच्या बोर्डवर ते लूप संपणारच नाही. ग्राहकाकडचा लिनक्स कुठल्या प्रोसेसरवर आहे ते आत्ताच विचारून ठेवा.

अर्धविराम

विचारलं. एआरएम आहे. :( हे आधी कोणी सांगितलंच नव्हतं.

लिंकरची_मावशी

मग वाईनचा सरळ रस्ताही संपला. वाईन म्हणजे एम्युलेटर नव्हे, ते त्याच्या नावातच लिहिलंय (वाईन इज नॉट ॲन एम्युलेटर). एक्स८६ ची बायनरी एआरएमवर चालवायची तर वरून प्रोसेसरचं सोंग घेणारं आणखी काहीतरी लागेल. मोजमापाच्या यंत्राशेजारी ती उतरंड मी तरी रचणार नाही.

स्ट्रक्चरचं असं करा. डिस्कवरचा साचा आणि मेमरीतला साचा, हे दोन वेगळे ठेवा. वाचताना एकेक क्षेत्र ठरलेल्या मापाने वाचायचं: इंट३२_टी म्हणजे ३२ बिट, कुठेही. बाइटांचा क्रम कुठला तेही कोडमध्ये लिहून टाका. नाव वाचताना युटीएफ-१६ समजून वाचा, आत युटीएफ-८ करून ठेवा. जुन्या फाईली पंधरा वर्षांच्या आहेत, म्हणजे आता विंडोजचं ते स्ट्रक्चर हाच तुमचा अधिकृत फॉरमॅट. तो कागदावर उतरवा.

एसक्यूलाइट या डेटाबेसच्या लायब्ररीकडे बघा कधी. २००० सालापासून चालू आहे. तिची डेटाबेस फाईल ३२ बिटवरून ६४ बिटवर, एका बाइटक्रमाच्या मशीनवरून दुसऱ्यावर तशीच उचलून नेता येते, कारण फाईलमधलं प्रत्येक बाइट कुठे असेल ते लिहिलेलं आहे. आणि बिल्ड? सगळा कोड जोडून एकच मोठी सी फाईल देतात. कुठल्याही कंपायलरला ती एक फाईल द्यायची, संपलं. सगळ्यांना हे जमणार नाही, पण बिल्ड टूल निवडायची वेळच येऊ न देणं हाही एक मार्ग आहे, हे फार जण विसरतात.

सेगफॉल्ट

दोन गोष्टी, सवडीने नव्हे, आजच.

एक: प्रत्येक कमिटला (कोडमध्ये नोंदवलेल्या बदलाला) दोन्हीकडे बिल्ड. विंडोजवर मायक्रोसॉफ्टचा कंपायलर, लिनक्सवर जीसीसी आणि क्लँग, त्यातलं एक एआरएमवर. आठवड्याने एकदा केलंत तर आठवडाभराची घाण एकदम उपसावी लागते.

दोन: विंडोज.एच किती फाईलींत आहे ते रोज मोजा आणि भिंतीवर लावा. वरच्यांना सीमेक समजत नाही, पण खाली येणारा आकडा समजतो.

फाईलींच्या नावांतली लहान-मोठी अक्षरंही बघा. फाईलचं नाव लहान अक्षरात आणि इन्क्लूडमध्ये कॅपिटलमध्ये असलं तरी विंडोजला चालतं, लिनक्सला नाही. इन्क्लूडमध्ये उलटी तिरकी रेघ असेल तर तीही.

निवांत

मी माझं म्हणणं थोडं मागे घेतो. वाईन बाद. तरी विचारतो: अख्खा प्रोग्रॅम लिनक्सवर हवाय का ग्राहकाला? बोर्डवर फक्त मोजणी आणि हिशेब होऊ दे, आलेख आणि रिपोर्ट टेबलावरच्या विंडोज मशीनवर. मग एमएफसी राहिलं तिथेच राहू दे. पोर्टेबल करायचा तो कोड किती, हेही ठरवायला हवं. सव्वा लाख ओळी हलवायचा नवस कोणी बोललेला नाही.

अर्धविराम

निवांत, हे मी विचारलंच नव्हतं! काल विचारलं. मोजणी, हिशेब आणि एक आलेख बोर्डच्या छोट्या पडद्यावर हवा. रिपोर्ट टेबलावर चालेल. म्हणजे एक्सेलचं भूत गेलं, रजिस्ट्रीच्या जागी साधी मजकूर फाईल पुरेल, एमएफसीला हात लावायचा नाही. विंडोज.एच असलेल्या फाईली २१२ होत्या, त्यातल्या मला लागणाऱ्या ८४, आज ३१ उरल्यात.

राहिली आलेखाची डीएलएल. ती ३२ बिटची आहे हेही आत्ता कळलं.

लिंकरची_मावशी

३२ बिटची डीएलएल ६४ बिटच्या प्रोसेसमध्ये चढत नाही. विंडोजवर तिला वेगळ्या छोट्या प्रोसेसमध्ये बसवा आणि पाइपने बोला. पण बोर्डसाठी आलेख नवाच लिहावा लागणार. घाबरण्याआधी एक करा: त्या डीएलएलची कुठली कुठली फंक्शनं तुम्ही खरंच हाक मारता, त्याची यादी काढा. लिंकरला विचारा, माणसांना नको.

अक्षरं काढायची असतील तर तेवढं स्वतः लिहू नका. एका अक्षरापुढे दुसरं ठेवलं की झालं असं इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून वाटतं. जोडाक्षरं, वेलांट्या आल्या की बोजवारा. हार्फबझ ही अक्षरं जुळवणारी लायब्ररी घ्या. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स सगळीकडे तेच आहे.

अर्धविराम

यादी काढली. त्या लायब्ररीच्या माहितीपुस्तकात सहाशेच्या वर फंक्शनं आहेत. पंधरा वर्षांत आम्ही त्यातली अकरा वापरली. रेष, ठिपका, आयत, मजकूर, अक्षाच्या खुणा, रंग, कापाकापी, झूम, आणि पडदा पुसून पुन्हा काढण्याची तीन.

अकराही फंक्शनांची नावं लिहून एक हेडर फाईल बनवली आहे. अजून आत काही नाही. विंडोजवर ती जुन्या डीएलएलला हाक मारते, बोर्डवर सध्या फक्त एक रेष काढते. रेष मात्र सरळ येतेय.

भोचकभवानी

तिरकी काढून बघा.